फॉस्फरस वाढला, म्हणून बांगडा बंद?

पत्र: माझे सासरे ६४ वर्षांचे, वजन ५८ किलो. मधुमेहामुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी रक्तात फॉस्फरस ६.४ आला तेव्हा हातात एक छापील कागद मिळाला: मासे, अंडी, दूध, डाळी, सुकामेवा टाळा. त्याच दिवसापासून त्यांची मासळी बंद केली. आता सकाळी चीजच्या दोन चकत्या लावलेला टोस्ट, दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि भाजी, संध्याकाळी बिस्किटं, रात्री भात आणि पातळ डाळ. अशक्तपणा आला म्हणून शेजारणीने सांगितलेली ताकदीची पावडर दोन वेळा कपभर दुधातून देते. डायलिसिसहून येताना ते बिनसाखरेच्या काळ्या कोलाची छोटी बाटली पितात, तेवढीच त्यांची हौस. या महिन्यात फॉस्फरस ७.१ आला आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.७ वरून ३.२ वर उतरलं. रात्रभर अंग खाजवत बसतात. फॉस्फरस धरणाऱ्या सेव्हेलामर ८०० ची एकेक गोळी तीन वेळा आहे, ती जेवल्यावर तासाभराने बाकीच्या गोळ्यांबरोबर देते. आता आणखी काय बंद करू? सासूबाई विचारतात, निदान रविवारी तरी बांगड्याचं हुमण (कालवण) देऊ का?
एक सून, डिचोली

उत्तर:

ताई, आता काही बंद करण्याआधी एक गोष्ट परत चालू करायची आहे, ती म्हणजे मासळी. तुमच्या पत्रात सगळा हिशेब आहेच, फक्त तो मांडून बघायला हवा.

तुम्ही दिवसाची साधारण दीडशे ग्रॅम मासळी बंद केली असं धरू. त्यातून सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं गेली आणि ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस गेला. मासळीतला फॉस्फरस प्रथिनांशी जोडलेला असतो. पोटात तो सगळा शोषला जात नाही, निम्म्याच्या आसपास जातो. म्हणजे रक्तात जाणारे वाचले ते दीडशे मिलिग्रॅम. त्याच्या जागी काय आलं? दीडशे मिलिलिटरचे दोन कप दूध, म्हणजे पावणेतीनशे मिलिग्रॅम. चीजच्या दोन चकत्या, म्हणजे आणखी अडीचशेच्या घरात, आणि त्यातला बराचसा वरून घातलेल्या फॉस्फेट क्षारांचा. पावडरीतला वेगळा. कोलाच्या छोट्या बाटलीत पन्नासेक. या सगळ्यातून प्रथिनं मिळाली ती अठरा-वीस ग्रॅम. फॉस्फरस चढला आणि अल्ब्युमिन पडलं, यात नवल काहीच नाही.

तुमचा यात दोष नाही. फॉस्फरस जास्त असलेल्या पदार्थांची सरसकट यादी द्यायची जुनी पद्धत अजून चालू आहे, आणि त्या यादीत कोलाच्या आधी बांगड्याचं नाव येतं. डायलिसिसवरच्या माणसाला त्या यादीने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं असं आमचं स्पष्ट मत आहे. दर डायलिसिसमध्ये रक्तातली अमिनो आम्लंही (प्रथिनांचे घटक) वाहून जातात, म्हणून अशा माणसाला निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिनं लागतात: वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. तुमच्या सासऱ्यांना ५८ ते ७० ग्रॅम. त्याच दिवसात फॉस्फरस ८०० ते १००० मिलिग्रॅममध्ये ठेवायचा. प्रथिनं पुरेशी आणि फॉस्फरस बेताचा, हे दोन्ही एकाच ताटात बसवायचं तर दर ग्रॅम प्रथिनामागे किती फॉस्फरस येतो ते बघावं लागतं.

अंड्याच्या पांढऱ्या भागात एका ग्रॅम प्रथिनामागे जेमतेम दीड मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात स्वच्छ प्रथिन हेच. मासळी आणि कोंबडीत दहाच्या आसपास, डाळींत तेरा ते वीस. दुधात सत्तावीस-अठ्ठावीस. अंड्याचा पिवळा बलकही जवळपास दुधासारखाच, एका बलकात साधारण ६५ मिलिग्रॅम. म्हणजे कागदावर 'अंडी टाळा' लिहिलं होतं तिथे 'बलक टाळा' लिहायला हवं होतं.

दुसरा भाग शोषणाचा. वनस्पतींतला फॉस्फरस बराचसा फायटेट नावाच्या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो आणि माणसाच्या आतड्यात फायटेट फोडणारा रस जवळजवळ नसतो. म्हणून डाळी, कडधान्यं, कोंडा यांतला २० ते ५० टक्केच अंगी लागतो. मांस-मासळीतला ४० ते ६० टक्के. कारखान्यात वरून मिसळलेलं फॉस्फेट मात्र साधं मीठ विरघळावं तसं विरघळतं आणि ९० टक्क्यांहून जास्त रक्तात जातं. म्हणून पाकिटातले शंभर मिलिग्रॅम आणि चवळीतले शंभर मिलिग्रॅम सारखे धरू नका. एक गंमत लक्षात ठेवा: कडधान्यांना मोड आणले की फायटेट फुटतं, म्हणजे फॉस्फरस उलट मोकळा होतो. मोडाचे मूग इतर कारणांसाठी चांगले असतील, फॉस्फरस वाचवण्यासाठी नाहीत.

पाकिटातला फॉस्फरस ओळखायचा कसा? पोषणमूल्यांच्या चौकटीत तो सापडणार नाही. ऊर्जा, प्रथिनं, साखर, सोडियम छापावं लागतं, फॉस्फरसचं प्रमाण छापायची सक्ती नाही. तो छापलेला दिसतो ती जागा बहुतेक ताकदीच्या पावडरीचा डबा, कारण तिथे तो गुण म्हणून मिरवला जातो! बाकी ठिकाणी घटकांच्या बारीक अक्षरांतले आयएनएस क्रमांक (वरून मिसळलेल्या द्रव्यांचे ठरलेले आकडे) वाचायचे. ३३८ ते ३४३, ४५० ते ४५२ आणि ५४१. हे आकडे ठळक लिहून फ्रीजवर चिकटवा आणि एक चिठ्ठी बाजाराच्या पिशवीत ठेवा. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, काळ्या कोलातलं. साखर असो वा नसो, ते असतंच, म्हणून बिनसाखरेची बाटली मधुमेहाला चालते, फॉस्फरसला नाही. ३३९ आणि ४५२ प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये दिसतात. चीज वितळताना त्यातलं तेल सुटू नये म्हणून ते घालतात. ४५१ गोठवलेल्या मासळीत, सॉसेजमध्ये आणि झटपट नूडल्समध्ये आढळतं. ४५० आणि ३४१ बेकिंग पावडरमध्ये, म्हणून केक, मफिन आणि काही बिस्किटांत. बिस्किटाच्या पाकिटावर फुगवण्यासाठी फक्त ५०० आणि ५०३ असतील तर ते सोडा आणि अमोनियाचे क्षार आहेत, फॉस्फेट नव्हे. ३३० म्हणजे लिंबाचं आम्ल, तेही निरुपद्रवी. तेव्हा बिस्किटं सरसकट वाईट नाहीत, पाकीट बदलून बघा. मधुमेह आहे म्हणून दोनच.

कोलाची हौस मोडायची नसेल तर गाड्यावरचा लिंबू सोडा, मीठ-साखर न घालता, दोनशे मिलिलिटर. तोही दिवसाच्या पाण्यात मोजायचा. पण आधी एक विचारून घ्या: डायलिसिसनंतर त्यांना घाम येतो, हातपाय थरथरतात का? इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते, आणि अशा वेळी बिनसाखरेच्या कोलाचा उपयोग शून्य. तेव्हा तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज थोड्या पाण्यात द्यायचं, पंधरा मिनिटांनी साखर परत मोजायची. संत्र्याचा रस किंवा शहाळं देऊ नका, त्यांत पोटॅशियम भरपूर.

आता मासळी. इसवण (सुरमई), कोंबडीइतकीच सोयीची: काटा बाजूला, मांस पोटात. मुडदुशी, बांगडा हेही चालतात, मधला काटा ताटाच्या कडेला ठेवायचा एवढीच अट. मासळीच्या फॉस्फरसचा मोठा साठा काट्यांत असतो, काटा म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच. म्हणून अडचण लहान मासळीची आहे. पेडवे, मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ली की हिशेब कोसळतो. आंबट घालून बराच वेळ मुरवलेल्या हुमणात तर लहान काटे इतके मऊ होतात की खाल्ल्याचं कळतही नाही. ताज्या तारल्याचं पोट-पाठ सोडवून काटा काढता आला तर द्या, नाही तर सोडा.

सुकी मासळी वेगळ्या खात्यात जाते. पाणी उडून गेलं की शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं, फॉस्फरस सगळंच दाटतं, आणि वर मीठ. गालम्याची (सुक्या जवळ्याची) किसमूर चमचाभर तोंडी लावली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण तहान लागते, पाणी वाढतं आणि दोन डायलिसिसमधलं वजन वाढतं. पुरुमेंतासाठी (पावसाळ्याच्या बेगमीसाठी) घरात भरलेला सुका माल त्यांच्या ताटापासून दूर राहू द्या.

यातच गोव्याची एक खास अडचण येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. बाजारातली ताजी मासळी आटते आणि घराघरांत सुकं नुस्तं नि गोठवलेली पाकिटं येतात. सोललेल्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) गोठवलेल्या पाकिटात पुष्कळदा ४५१ किंवा ४५२ असतं. त्याच्या पाण्यात बुडवलं की सुंगटं पाणी धरून ठेवतात, वजन वाढतं, वरून काचेसारखी चमकतात. तव्यावर टाकल्यावर वाटीभर पाणी सुटून निम्मी झाली तर शंका घ्या. घटक वाचायचे: 'सुंगटं' आणि फार तर 'मीठ' एवढंच लिहिलं असेल तर घ्या. सालासकट ताजी सुंगटं मिळाली तर उत्तम. त्या दोन महिन्यांत मुख्य भार अंड्याच्या पांढऱ्यावर, नदी-खाडीच्या मासळीवर आणि समोर कापलेल्या ताज्या कोंबडीवर ठेवा. मसाला लावून गोठवलेली कोंबडी, नगेट, कारखान्यातली सॉसेज नकोत. गोव्याच्या चोरीसात (डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये) खरा प्रश्न मिठाचा, कधीतरी चवीपुरता एक मणी, बस्स.

एका दिवसाचं ताट मांडून दाखवतो. आकडे अंदाजे आहेत, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच. सकाळी दोन अंड्यांच्या पांढऱ्याचं आमलेट कांदा-मिरची घालून, सोबत पोदेराचा (पाववाल्याचा) एक मैद्याचा पाव: ११ ग्रॅम प्रथिनं, ६० मिलिग्रॅम फॉस्फरस. दिवसभरात दोनशे ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात: १४ ग्रॅम आणि २००. दुपारी शंभर ग्रॅम मासळी, रात्री साठ, साफ करून काटा काढल्यावरचं वजन: ३२ ग्रॅम आणि ३२०. वीस ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण: ५ आणि ६०. दोन-अडीचशे ग्रॅम भाज्या: ४ आणि ८०. हुमणातलं आणि भाजीतलं मिळून तीस ग्रॅम ओलं खोबरं: १ आणि ३५. चहात साठ मिलिलिटर दूध: २ आणि ५५. एकूण ६९ ग्रॅम प्रथिनं, ८१० मिलिग्रॅम फॉस्फरस. पदार्थ तुमच्याच घरातले. ज्या दिवशी मासळी कमी मिळेल त्या दिवशी पांढरे दोनाचे चार करा.

आमलेटवर आठवडाभरातच कंटाळा येईल. गाड्यावर मिळतं तसं रोस आमलेट घरी करता येतं, पांढऱ्याचंच, वर शागुतीचा रस्सा दोन चमचे आणि मीठ निम्मं. बलक घरातल्या इतरांच्या अंड्याच्या पोळ्यांना.

पाव की पोळी (पोदेराची कोंड्याची पोई), हा प्रश्न प्रत्येक गोवेकराच्या घरात निघतो. कोंड्याच्या पोळीत फॉस्फरस मैद्याच्या पावापेक्षा जास्त, आणि पीठ आंबवताना फायटेट काहीसं फुटतं, म्हणून तो थोडा जास्त शोषला जातो. पण कोंडा साखर हळू चढवतो आणि पोटही साफ ठेवतो. मधुमेही माणसाची दिवसाची एक पोळी काढून घ्यावी असं आम्हाला वाटत नाही. पोदेराच्या भट्टीतल्या पावात पीठ, मीठ, पाणी आणि यीस्ट. फॉस्फेटची शंका घ्यायची ती पाकिटबंद ब्रेड आणि केकवर.

उकड्या तांदळाबद्दल. त्यातला थोडा फॉस्फरस आणि पोटॅशियम शिजताना पाण्यात उतरतं. मुबलक पाण्यात शिजवून पेज निवळून टाकली तर दोन्ही कमी होतात. पेज प्यायला दिली तर दोन्ही पोटात जातात, शिवाय वाडगाभर पाणी पिण्याच्या मर्यादेतून वजा होतं. अशक्त माणसाला पेज, ही आपली जुनी समजूत. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र निवळलेला भात आणि मासळीचा तुकडा जास्त ताकद देतो. शिवराकच्या (शाकाहाराच्या) दिवशी अळसांद्यांचं (चवळीच्या जातीच्या कडधान्याचं) तोंडाक करायचं तर अळसांदे रात्री भिजत घाला, आठ-दहा तासांनी ते पाणी टाका, नव्या पाण्यात उघड्या भांड्यात उकळा, तेही पाणी टाका आणि मग वाटप घाला. भाज्याही बारीक चिरून, उकळून, पाणी टाकून. वाफवण्याने एवढा फरक पडत नाही, क्षार बाहेर पडायला पाणी लागतं. शिवराकच्या दिवशी सकाळचे दोन पांढरे चालत नसतील तर घरच्या दह्याची एक वाटी, तीही दुपारी गोळीबरोबर.

आंबटासाठी भिरंडाची (कोकमाची) सोलं बिनधास्त वापरा. आगळात मीठ फार असतं, ते मोजून. पण एक फळ तुमच्या घरात यायलाच नको: करमल (स्टार फ्रूट), ज्याची आडवी चकती चांदणीसारखी दिसते. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन नावाचं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. निकामी किडनीच्या माणसाला मात्र न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. लोणच्यातली फोड असो की ताजी, एकही नको. खाल्लं गेलं आणि उचकी लागली तर वाट बघू नका, थेट डायलिसिसची सोय असलेलं इस्पितळ गाठा. बिंबलांत (बिलिंबीच्या आंबट फळांत) ऑक्झलेट भरपूर असतं. त्यांचा रस पिऊन चांगल्या किडन्या बंद पडल्याच्या नोंदी केरळात झाल्या आहेत. तीही त्यांच्या ताटात नकोत. 'लो सोडियम' मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

आता सेव्हेलामर, कारण आहार सुधारूनही तुमच्या पद्धतीने गोळी दिली तर अर्धं काम पाण्यात जाईल. ही गोळी रक्तात जाऊन काही करत नाही. ती आतड्यात घासाबरोबर असते तेव्हा अन्नातला फॉस्फरस धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. तासाभराने दिली तेव्हा बरंचसं अन्न पुढे निघून गेलेलं असतं. पहिल्या दोन-तीन घासांनंतर किंवा जेवणाच्या मध्यावर द्या, अख्खी गिळायला सांगा. चावायची किंवा कुटायची नाही, ओलाव्याने ती फुगते. (लॅन्थॅनमची गोळी याच्या उलट, ती पूर्ण चावावी लागते.) जेवण चुकलं तर गोळीही नाही.

एक गोळी साधारण २० ते २५ मिलिग्रॅम फॉस्फरस धरते, याहून जास्त नाही. तीन गोळ्यांचे साठ-सत्तर. आता आठवड्याचा हिशेब करा. रोज ९०० खाल्ले तर आठवड्याचे ६३००, त्यातले साठ टक्के शोषले तर सुमारे ३८००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ८०० च्या आसपास निघतो, तीन वेळांचे २४००. उरले १४००, म्हणजे रोजचे २००. तेवढे धरायला आठ-दहा गोळ्या लागतील, आणि लघवी होत असेल तर थोड्या कमी. पाकिटातलं काढून टाकलं की शोषण साठ टक्क्यांवरून पन्नासाकडे येतं आणि रोजचे दोनशे जवळपास निम्मे होतात. दोन्ही बाजूंनी काम करावं लागतं ते यासाठी.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: गोळ्या जेवणाच्या आकाराप्रमाणे वाटता येतील का? मासळीच्या जेवणाला दोन, नुसत्या पावाच्या न्याहारीला एक, बिनदुधाच्या चहाला शून्य. स्वतःहून वाढवू नका. कॅल्शियम अ‍ॅसिटेट असतं तर प्रत्येक ६६७ च्या गोळीतून १६९ मिलिग्रॅम कॅल्शियमही अंगात आलं असतं. रक्तात कॅल्शियम जास्त होऊन ते धमन्यांत साचतं, म्हणून ती गोळी घरात उरलेली असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. व्हिटॅमिन डीची कॅल्सिट्रिऑल चालू असेल तर तेही सांगा, ती आतड्यातून फॉस्फरसचं शोषण वाढवते.

बाकीच्या गोळ्यांबरोबर एकत्र देण्यातही घोटाळा आहे. सेव्हेलामर काही औषधंही धरून ठेवतं. थायरॉइडची गोळी चार तास दूर ठेवा, सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं असेल तर ते दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डायलिसिसच्या दिवशी डबा केंद्रावर खातात ना? मग त्या दिवसाची गोळी डब्याच्या झाकणात ठेवा. बहुतेक घरांत ती नेमकी त्याच दिवशी कपाटात राहते.

सेव्हेलामरने बद्धकोष्ठ होतं. आतडं साफ नसेल तर पोटॅशियमही चढतं, म्हणून ते अंगावर काढू नका. लॅक्टुलोजसारखं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुकानातून तयार एनिमा आणायचा असेल तर आधी लेबल वाचा. सोडियम फॉस्फेटचा एनिमा किडनीच्या रुग्णाला द्यायचा नसतो. एका बाटलीत कित्येक दिवसांच्या आहाराइतका फॉस्फरस असतो.

डायलिसिस फॉस्फरस का लवकर काढत नाही, हेही सासऱ्यांना सांगा. शरीरातला ८५ टक्के फॉस्फरस हाडांत नि दातांत असतो, उरलेला जवळजवळ सगळा पेशींच्या आत. यंत्र काढतं ते रक्तातला एक टक्काही नसलेला भाग, आणि पेशींतला बाहेर झिरपायला वेळ लागतो.  म्हणून बस चुकेल म्हणत अर्धा तास आधी सुटका करून घेतली तर तेवढा फॉस्फरस घरी परत आला असं समजायचं. चार तास म्हणजे चार तास.

खाजेला फॉस्फरस कारणीभूत असू शकतो, पण एकटा तोच असतो असं नाही. कोरडी कातडी, कमी पडणारं डायलिसिस, वाढलेलं पॅराथायरॉइड हार्मोन, सगळे भागीदार. आंघोळ कोमट पाण्याने, साबण कमी, अंग पूर्ण सुकण्याआधी खोबरेल. झोप उडाली असेल तर औषध आहे, ते डायलिसिसवर फार थोड्या मात्रेत द्यायचं असतं, म्हणून दुकानातून न आणता डॉक्टरांकडूनच.

अल्ब्युमिन ३.२ कडे मात्र फक्त आहाराच्या नजरेने बघू नका. अंगात पाणी साचलं तर ते पातळ होऊन कमी दिसतं, आणि कुठे संसर्ग असेल तरी उतरतं. मानेत डायलिसिसची नळी असेल, मधूनच थंडी वाजून ताप येत असेल तर लगेच कळवा.

पुढचा रिपोर्ट चार आठवड्यांनी, आठवड्याच्या मधल्या डायलिसिसच्या आधी काढलेल्या रक्ताचा. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरचा आकडा नेहमी चढाच दिसतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी फॉस्फरस आणि पोटॅशियम खोटे वाढतात, रिपोर्टवर तसा शेरा असेल तर चाचणी परत करा. सोबत कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन आणि अल्कलाइन फॉस्फटेज बघून घ्यायला सांगा. डायलिसिसवर असताना ५.५ च्या आत आकडा आला आणि अल्ब्युमिन चढतं राहिलं तर बरं चाललंय. अल्ब्युमिन पडत असताना फॉस्फरस तीनच्या खाली आला तर आनंद मानू नका, माणूस जेवत नाहीये.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांच्या किडन्या कमजोर आहेत पण डायलिसिस सुरू झालेलं नाही, त्यांनी वरचं ताट उचलू नये. त्यांना प्रथिनं याहून बरीच कमी, दर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, आणि तीही डाएटिशियनने बसवून दिलेली. आयएनएस क्रमांकांची चिठ्ठी मात्र त्यांनाही तितकीच उपयोगी.

चवथीच्या नेवऱ्यांचं (करंज्यांचं) तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. एक नेवरी जेवणातच, गोळीबरोबर, मधल्या वेळी नाही. पावडरीचा उघडलेला डबा शेजारणीला परत द्या. आणि सासूबाईंना सांगा, बांगड्याच्या हुमणासाठी रविवारची वाट बघायची गरज नाही, उद्याच करा. रस दोन चमचे, कारण तोही पाण्यात मोजायचा, आणि मधला काटा ताटाच्या कडेला.